पिल्लू खात नाही म्हणता? आधी बघा घरात कोण कोण काय भरवतंय

कुत्र्याचं पिल्लू काही खातच नाही हो, असं कोणी म्हणालं की मी एकच विचारते, काल सकाळपासून त्याच्या तोंडात काय काय गेलं ते सगळं सांगा, बिस्किटाच्या तुकड्यासकट. मग हळूहळू यादी बाहेर येते. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं आणि अर्धा बटर, दहा वाजता मागीलदारी मासे साफ करताना बांगड्याचं डोकं, दुपारी आईच्या ताटातला भात-आमटीचा घास, संध्याकाळी शेजारच्या पोरांनी दिलेले वेफर्स, आणि मग रात्री आठला बाबा कौतुकाने हजार रुपयांचं डॉग फूड वाटीत ओततात आणि पिल्लू नुसतं हुंगून निघून जातं. मग ठरतं काय, तर पिल्लू नखरेल आहे. अहो पोट भरलंय त्याचं, तो कुठून खाणार.

आमच्या मालवण-देवगडकडे तर हे जास्तच, कारण घरात माणसं भरपूर, पडवीत सतत कोणीतरी बसलेलं असतं आणि मासळी रोजची. माझ्या बघण्यात जी "काही खात नाही" वाली पिल्लं आली त्यातली बरीचशी नखरेल नव्हतीच, एकतर त्यांना कोणीतरी आधीच भरवलेलं होतं किंवा ती आजारी होती. त्यामुळे फूड बदलायच्या मागे लागण्याआधी या दोन गोष्टी तपासायच्या, आणि त्यातही आजार आधी.

आजारी तर नाही ना

पिल्लू नखरे करतंय की आजारी आहे हे ओळखायची साधी खूण म्हणजे त्याचं बाकीचं वागणं. नखरेल पिल्लू डॉग फूड सोडेल पण चिकनचा तुकडा दाखवला की उडी मारेल, चपला पळवेल, कोंबड्यांच्या मागे लागेल. आजारी पिल्लू चिकनलाही तोंड लावत नाही, कोपऱ्यात पडून राहतं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही.

लसी पूर्ण न झालेलं पिल्लू जेवण सोडून उलट्या करायला लागलं, वर पातळ किंवा रक्ताची शी, तर पार्वोची (पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्या बघू म्हणायचं नाही, कारण पार्वोमध्ये पिल्लाच्या अंगातलं पाणी फार झपाट्याने जातं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू होते आणि पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, मधला एखादा चुकवू नका. आपल्याकडे पावसात लेप्टोची भीती असते, उंदराच्या मुतातून पसरतो तो, आणि शेतं, पाणंदी, भाताची कोठारं सगळीकडे उंदीर आहेतच, तेव्हा लस देताना लेप्टोची आहे ना त्यात एवढं विचारून घ्या. आणि लस दिल्यावर एखादा दिवस पिल्लू मलूल राहिलं, कमी खाल्लं तर घाबरू नका, ते चालतं.

जंत. खेड्यातल्या पिल्लाला जंत असणारच असं धरून चाला, आईकडूनच येतात. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, बरगड्या मात्र दिसतायत, कधी खूप खातं कधी अजिबात नाही, असं असेल तर जंतच. दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत साधारण दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा जंताचं औषध लागतं, डोस वजनावर असतो म्हणून डॉक्टरांकडूनच घ्या, मुलांची बाटली घरात आहे म्हणून तीच पाजू नका.

गोचीड हा आपल्याकडचा खरा शत्रू. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या पट्ट्याखाली हात घालून रोज बघायचं. गोचिडीच्या तापात पहिली खूण बऱ्याचदा हीच असते की कुत्रा जेवण सोडतो. वरचा ओठ उचलून हिरड्या बघायची सवय लावून घ्या, गुलाबी असायला हव्यात, बोटाने दाबलं की पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. फिकट पडल्या असतील तर रक्त कमी झालंय, मग ते गोचिडीने असो नाहीतर जंतांनी, डॉक्टर लागणारच. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे गर्दी गाई-म्हशींची जास्त असली तरी कुत्र्यालाही बघतात, आणि १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

अजून एक म्हणजे दात. साधारण तीन-चार महिन्यांपासून दुधाचे अठ्ठावीस दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या दुखतात म्हणून कडक दाणे नकोसे होतात, पिल्लू दाणा तोंडात घेतं आणि परत टाकतं. त्याला नखरे म्हणू नका, फूड भिजवून द्या.

किती वेळ न खाल्लं तर घाबरायचं? दोन-तीन महिन्यांचं पिल्लू पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर डॉक्टर. पॉमेरियन किंवा तसली छोटी जात असेल तर तेवढंही थांबू नका, त्यांची साखर पटकन उतरते, पिल्लू लडबडायला लागतं, थरथरतं. तेव्हा बोटावर मध किंवा साखरेचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं आणि तसंच उचलून न्यायचं. आणि लॅब्रेडॉरने जेवण सोडलं तर त्याला नखरे हा शब्दसुद्धा वापरू नका, लॅब जेवत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंच आहे.

नवीन घरी आलंय तर

मुंबईहून चाकरमानी गाडीतून पिल्लू घेऊन येतात, आठ-दहा तासांचा प्रवास, घाटात उलट्या, आई आणि भावंडं सुटलेली, वर इथे उतरल्या उतरल्या वीस माणसं त्याला उचलायला टपलेली. त्याने पहिले एक-दोन दिवस कमी खाल्लं तर नवल काय. जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच पहिला आठवडा द्या, मग ते तुम्हाला हलकं वाटलं तरी. आणताना आठवणीने विचारून घ्या, जमलं तर तिथलंच अर्धा किलो बांधून आणा. आणि आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊच नका, कितीही गोड दिसलं तरी.

दूध द्यायचं का, हे सगळेच विचारतात. गाईच्या दुधातलं लॅक्टोज पुष्कळ पिल्लांना पचत नाही, हगवण लागते, आणि मग सगळे म्हणतात डॉग फूड बाधलं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाची गरज नसते, पाणी पुरे. साधं दही चमचाभर चालतं. त्याहून लहान, आई नसलेलं पिल्लू सापडलं तर त्याला पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा.

वाटी ठेवायची आणि उचलायची

आता आजार नाही, दातांचा त्रास नाही, घरी रुळलंय, तरी खात नाही. मग खालचं करा, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे, एकट्याने करून उपयोग नाही.

वेळ ठरवा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन. जागा ठरवा, पडवीचा एखादा कोपरा जिथून माणसांची ये-जा नाही आणि कोंबड्या पोचत नाहीत (कोंबड्यांना डॉग फूड फार आवडतं, कावळ्यांना त्याहून, वाटी रिकामी दिसली म्हणजे पिल्लानेच खाल्लं असं समजू नका). वाटी ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, खाल्लं तर छान, नाहीतर मुकाट्याने उचलायची. रागवायचं नाही, चुचकारायचं नाही, "खा रे बाळा खा रे" करत मागे फिरायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काहीही नाही, पाणी मात्र कायम भरलेलं. चांगलं खेळणारं, धडधाकट, तीन महिन्यांच्या वरचं पिल्लू एखादी वेळ चुकवून उपाशी मरत नाही, पुढच्या वेळी वाटी चाटून पुसून ठेवतं. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. त्याहून लहान पिल्लावर किंवा छोट्या जातीवर हा प्रयोग ताणायचा नाही.

खरी अडचण पिल्लाची नाहीच, अडचण आजोबांची. त्यांना सांगून ते ऐकत नाहीत, मी पण आमच्या घरी सांगून थकले, मग एक युक्ती चालली. सकाळीच दिवसाच्या फूडमधले मूठभर दाणे वेगळ्या डबीत काढून ती डबी आजोबांच्या खुर्चीशेजारी ठेवायची, काय द्यायचंय ते यातलं द्या. त्यांचं देणं पण होतं आणि पिल्लाचं पोटही बाहेरच्या गोष्टींनी भरत नाही. वरचा खाऊ सगळा मिळून दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, आणि तीन किलोच्या पिल्लाला दोन बिस्किटं म्हणजे ती हद्द जवळजवळ संपलीच.

वाटीकडे पण बघा. स्टीलची हलकी वाटी कोब्यावर सरकते, पिल्लू नाक घालतं, वाटी पुढे जाते, ते मागे मागे जातं, शेवटी खणकन भिंतीला आपटते आणि पिल्लू दचकून पळतं, आणि दोनदा असं झालं की वाटीलाच घाबरायला लागतं. खाली ओलं गोणपाट घाला किंवा जड, पसरट भांडं घ्या. चपट्या तोंडाच्या पिल्लांना खोल वाटीत तोंड घालता येत नाही, त्यांना ताटलीच बरी. मुंग्या येत असतील तर परातीत बोटभर पाणी घालून मध्ये वाटी ठेवा, मुंग्या लागलेलं अन्न पिल्लू एकदा चावलं गेलं की परत हुंगत पण नाही.

दाणे भिजवायची पद्धत. मोजून घेतलेले दाणे वाटीत, वर कोमट पाणी दाणे जेमतेम बुडतील एवढंच, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. नखाने दाबून बघा, दाणा आतपर्यंत दबला पाहिजे पण लगदा व्हायला नको. कोमटपणामुळे वास उठतो, आणि कुत्रा आधी नाकाने जेवतो, गार फूडला वासच नसतो म्हणून पण बरेच जण सोडतात. त्यातूनही नाहीच खाल्लं तर पाण्याऐवजी चिकन उकडलेलं पाणी, पण त्यात मीठ, हळद-मसाला, कांदा-लसूण काही नको, नुसतं चिकन आणि पाणी. मग आठवड्याभरात ते पाणी कमी कमी करत न्यायचं, नाहीतर त्याचीच सवय लागते. हाताने भरवणं पण तसंच, पहिले दोन दिवस ठीक आहे.

उकाड्यात, एप्रिल-मे मध्ये, दुपारी कुठलाच कुत्रा नीट जेवत नाही. सकाळी सहा-सातला आणि रात्री थोडं उशिरा जास्त द्या, दुपारचं थोडं. भिजवलेलं अन्न त्या दिवसांत वाटीत ठेवून देऊ नका, लवकर आंबूस व्हायला लागतं.

मासे, भात आणि आमची म्हातारी माणसं

"आमच्या वाघ्यान काय खाल्ल्यान? भात नि माशाची कढी. बारा वर्सा जगलो." हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि ते खोटं पण नाही, वाघ्या जगला. पण वाघ्या दिवसभर मोकळा फिरत होता, बंदरावर जाऊन काय काय खाऊन यायचा ते कोणी मोजलं नाही, आणि त्याच्या बरोबरची किती पिल्लं पहिल्या पावसातच गेली तेही आता कोणाला आठवत नाही. वाढत्या पिल्लाला भातातून पोट भरतं पण प्रोटीन, कॅल्शियम कमी पडतं.

मासा वाईट नाही, उलट उत्तम, फक्त कसा देता त्यावर आहे. कालवण द्यायचं नाही, कारण वाटपात कांदा-लसूण असतो आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, हे थोडं थोडं रोज दिलं तरी होतं. वेगळा उकडायचा, मिठाशिवाय. बांगडा किंवा तारली घ्या, उकडून गार झाल्यावर मधला काटा उचलायचा आणि मग उरलेलं मांस दोन बोटांमध्ये चुरडत चुरडत पूर्ण तपासायचं, डोळ्यांनी नाही, बोटांनी, बारीक काटा डोळ्याला दिसत नाही पण बोटाला टोचतो. ओल्या बोंबलाचा काटा मऊ असतो म्हणून तो सोपा, मांदेली मात्र शक्यतो नको, एवढं निवडत कोण बसणार. कच्चा मासा देऊ नका, काही माशांमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं ते बी१ जीवनसत्त्व नष्ट करतं, शिजवला की तो प्रश्न मिटतो. मोरीला, म्हणजे छोट्या शार्कला, काटे नाहीत म्हणून लोक आवडीने देतात, पण मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा साठतो, कधीतरी ठीक, नेहमी नको. आणि सुकं, म्हणजे सुकट, सोडे, खारा बांगडा, हे मिठाने भरलेलं असतं, एकदम बंद. पिल्लू एकदा का सुकटीच्या वासाला लागलं की दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही, हे पण आहेच.

किनाऱ्यावर फिरायला नेताना पट्टा सोडू नका. रापणीत, जाळ्यात नको असलेला मासा वाळूत फेकतात, त्यात केंड असतो, तो फुगणारा. त्याच्या अंगातलं विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. पिल्लाने तोंडात घेतला असं नुसतं वाटलं तरी तोंड धुऊन थेट डॉक्टरकडे.

घरचंच द्यायचं असेल तर अंदाजे असं: उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा किंवा अंडं निम्म्याच्या आसपास, मऊ भात किंवा पेज एक तृतीयांश, उरलेला लाल भोपळा, गाजर, दुधी. अंडं उकडूनच. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा बोटाच्या पेराएवढी, जास्त दिली तर अ जीवनसत्त्व वाढतं. पण हे कितीही मनापासून केलं तरी कॅल्शियम कमीच पडतं. नुसत्या मांस-भातावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, लंगडायला लागतं, हे मी आमच्या वाडीतच बघितलंय. म्हणून रोजचं मुख्य जेवण तयार पपी फूड आणि घरचं वरती थोडं, हे मला सगळ्यात बरं वाटतं. पूर्ण घरचंच करायचं ठरवलं तर डॉक्टरांकडून कॅल्शियम-व्हिटॅमिनचं प्रमाण लिहून घ्या.

हाडं. शिजवलेलं हाड कुठलंच नाही, चिकनचं तर मुळीच नाही, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि आतडं फाडतात.

शाकाहारी घर असेल, आणि गुहागर-दापोलीकडे अशी पुष्कळ आहेत, तर त्यांना तयार फूडच सोयीचं. पाकिटात चिकन असलं तरी ओट्यावर काही शिजवावं लागत नाही, वाटी पडवीत ठेवली की झालं. दही-भातावर पिल्लू वाढवायचा हट्ट मात्र नको.

पाकीट घेताना

दुकानात गेलं की आधी समोरचं चित्र बघायचं सोडा, पाकीट उलटं करा. तीन गोष्टी शोधायच्या. एक, ते कम्प्लीट फूड आहे का. काही ग्रेव्हीची पाउच आणि टॉपर नुसते वरती घालायचे असतात, त्यावर कॉम्प्लिमेंटरी असं लिहिलेलं असतं, त्याच्यावरच पिल्लू ठेवलं तर कमतरता होते. दोन, पपी, ग्रोथ किंवा ऑल लाइफ स्टेजेस लिहिलंय का. अॅडल्टचं पाकीट स्वस्त मिळालं म्हणून आणू नका. अमेरिकेच्या आफको या संस्थेच्या मापाप्रमाणे, पाणी वगळून, पिल्लाच्या अन्नात प्रोटीन किमान साडेबावीस टक्के आणि फॅट साडेआठ टक्के हवं, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला हेच अठरा आणि साडेपाच चालतं. म्हणजे फरक किती ते बघा. तीन, घटकांची यादी. जे वजनाने सर्वात जास्त ते पहिलं लिहितात, पहिल्या दोन-तीनात चिकन, चिकन मील, फिश मील, अंडं असलं काहीतरी दिसू दे, सगळं मका-गहू-सोयाच असेल तर ठेवून द्या. मील हा शब्द बघून नाक मुरडू नका, त्यातलं पाणी काढलेलं असतं म्हणून प्रोटीन उलट जास्त असतं.

पाउचवर प्रोटीन आठ टक्के बघून लोक फसतात. त्यात ऐंशी टक्के पाणी असतं. पाणी वगळलं तर उरलेल्या वीसमध्ये आठ, म्हणजे चाळीस टक्के झाले की. ड्राय आणि वेट फूडचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यासाठी लार्ज ब्रीड पपी लिहिलेलं घ्या, त्यात कॅल्शियम मोजून मर्यादेत ठेवलेलं असतं. या पिल्लांना हाडं भराभर वाढवणं धोक्याचं असतं, आणि आपल्याकडे तर फूड चालू असतानाच वरून कॅल्शियमची बाटली चालू करायची हौस दांडगी. चांगल्या पपी फूडवर असलेल्या पिल्लाला वेगळं कॅल्शियम लागत नाही, मोठ्या जातीत तर त्याने सांधे बिघडू शकतात. गावठी पिल्लाला साधं पपी फूड पुरतं.

कुठला ब्रँड? पेडिग्री आणि ड्रूल्स तालुक्याच्या गावात सहज मिळतात, रॉयल कॅनिन, फार्मिना वगैरे कुडाळ, रत्नागिरी, चिपळूणच्या पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन. महाग म्हणजे पिल्लाला आवडेलच असं नाही, आणि स्वस्त म्हणजे वाईटच असंही नाही. मी तर म्हणेन जे तुम्हाला वर्षभर, भर पावसात रस्ते बंद असताना पण, न चुकता मिळेल आणि परवडेल ते घ्या, कारण दर महिन्याला जे मिळेल ते बदलत राहिलं की पिल्लाचं पोट बिघडतं आणि त्याला कळतं की आपण नाही खाल्लं तर नवीन काहीतरी येतं. बदलायचंच असेल तर सात ते दहा दिवसांत, आधी पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण. शी पातळ झाली तर आहे त्या पायरीवर दोन दिवस थांबा.

किती द्यायचं

पाकिटावर तक्ता असतो, त्यात आत्ताचं वजन आणि मोठेपणी होणारं वजन दोन्ही बघायचं. गावठी पिल्लाचं मोठेपणीचं वजन साधारण पंधरा ते वीस किलो धरा. तक्ता नसला तर अंदाज सांगते, चार महिन्यांच्या आतलं चार किलोचं पिल्लू दिवसाला सुमारे ६०० कॅलरी घेतं, बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० असतात, म्हणजे १५०-१७० ग्रॅम, चार भागांत. चार महिन्यांच्या पुढे आठ किलोचं झालं तरी दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपासच पुरतं, म्हणजे वजन दुप्पट झालं म्हणून फूड दुप्पट होत नाही, आणि नेमकं इथेच लोकांना वाटतं पिल्लू कमी खायला लागलं. वाटीने मोजू नका, एकदा किचनच्या काट्यावर वजन करून त्या मापाचा एक डबा ठरवून टाका.

आठवड्यातून एकदा पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. वजन वाढतंय, बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, वरून कंबर दिसते, शी बांधलेली आहे, तर पिल्लाचं खाणं बरोबर चाललंय, मग वाटीत चार दाणे उरोत.

पावसात फूड सांभाळणं

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापड, पोहे, बिस्किटं सगळं सादळतं तसं डॉग फूड पण सादळतं, आणि सादळलेल्या फूडला बुरशी धरते. ती कधी कधी दिसत पण नाही आणि तिच्यातलं विष यकृतावर जातं. पिल्लाने रोजचं फूड अचानक नाकारलं तर आधी स्वतः वास घेऊन बघा, खवट किंवा कुबट आला तर पिल्लू बरोबर आहे आणि फूड फेकायचं आहे. पावसात दहा किलोची गोण घेऊ नका, स्वस्त पडली तरी. एक ते तीन किलोचं पाकीट, महिन्याच्या आत संपेल असं. मूळ पाकिटातच ठेवून ते पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, म्हणजे तारीख आणि बॅच पण हाताशी राहते. डबा जमिनीवर नको, फळीवर. बाजारात काही दुकानदार गोण फोडून सुटं विकतात, ते कधीच घेऊ नका, कधी उघडलंय, तारीख काय, काही कळत नाही. वेट फूड उघडलं की झाकून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायचं, आणि रात्रभर लाइट गेली असेल तर टाकून द्या.

काय चुकूनही नको

चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, शुगर फ्री च्युइंगगम आणि मिठाईतलं झायलिटॉल, दारू. मनुका म्हटलं की गणपतीत लक्ष ठेवा, पंचखाद्यात बेदाणे असतात आणि आरतीनंतर प्रसाद जमिनीवर सांडतोच, मुलं मुठीने पिल्लाला भरवतात. सीझनमध्ये आंब्याचा बाठा, चघळता चघळता पिल्लू गिळतं आणि तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय निघत नाही. फणसाचा गरा एखादा चालेल पण आठळ्या नकोत. काजूची बी सालीसकट तोंडात गेली तर सालीतल्या तेलाने ओठ-जीभ भाजते, बिया वाळत घालता तिथे पिल्लू सोडू नका. ओल्या खोबऱ्याचा लहान तुकडा चालतो, जास्त झाला की ढाळ. पावसात अंगणात मोठे बेडूक येतात, पिल्लाने तोंडात धरला की तोंडाला फेस येतो, लगेच पाण्याने तोंड धुवा, पाणी आत जाऊ न देता बाजूने, आणि डॉक्टरांना फोन. दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा कॉम्बिफ्लामसारखी गोळी तर अजिबात नाही.

आणि पपी फूड कधी थांबवायचं, तर छोट्या जातीचं आणि गावठी पिल्लू साधारण वर्षाचं झालं की अॅडल्टवर न्या, लॅब-शेफर्डसारख्यांना सव्वा ते दीड वर्षापर्यंत पपीच चालू ठेवा, आणि तो बदलही दहा दिवसांचाच करा. नसबंदी केली असेल तर त्यानंतर भूक तेवढीच राहते पण गरज कमी होते, तेव्हा डब्याचं माप थोडं उतरवा, पिल्लू आजोबांकडे तक्रार करायला जाईलच.